इंद्र, यम आणि फ्रिज

परवा सकाळी मी माझ्याच घरात वरच्या मजल्यावर अडकलो, आणि मला अडकवणारा माणूस खाली ओट्याला टेकून माझ्याच कपातून चहा पीत होता.

वाशीतलं आमचं घर सिडकोचं रो हाउस. वाशीला लोकल आली 1992 साली. वडिलांनी घर घेतलं ते त्याच्या बरंच आधी. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम, वर दोन खोल्या आणि हातभर गॅलरी. मधे जिना. जिन्याच्या मोझॅकच्या कडा झिजल्या होत्या आणि कठड्याचा लोखंडी पाइप खाडीच्या हवेनं खाल्ला होता, म्हणून काम काढलं. काम का काढलं, केवढ्यात दिलं आणि एवढ्यात का दिलं, हे गल्लीत प्रत्येकाला सांगून झालंय. पुन्हा सांगत नाही.

तर बायको मिस्त्रीला दार उघडून देऊन नेहमीच्या गाडीनं गेली. मी साडेआठला उठलो आणि जिन्याच्या तोंडाशी आलो, तर मधल्या पाच पायऱ्यांवर ताजा काळा ग्रॅनाइट.

"मिस्त्री, मी खाली येऊ कसा?"

"आता नाही साहेब. माल ओला आहे. पाय पडला की दगड हलणार, मग जन्मभर पोकळ वाजणार."

"अहो, मग एक आड एक पायरी करायची ना! सगळे तसंच करतात."

"एक आड एकात लेव्हल मिळत नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "उद्या सकाळपर्यंत धरून चाला."

संडास खाली आहे, हे मी वर लिहिलंय. पुन्हा लिहायला लावू नका.

गॅलरीत गेलो. अंगात बनियन आणि हाफ पँट. खाली समोरच्या घरातले काका दुधाची पिशवी घेऊन चालले होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण खात्यातली पाहणीची सवय गेलेली नाही. आमचं काम सुरू झाल्यापासून ते रोज येऊन वाळू चिमटीत धरून बघतात आणि काही न बोलता जातात. त्या न बोलण्यानं मिस्त्री अर्धा तास अस्वस्थ असतो, मी दिवसभर.

"काका, कोपऱ्यावर रंगवाल्यांची शिडी असेल. जरा मागून आणता का?"

"शिडी मिळेल. आधी मला सांग, पायऱ्या किती?"

"शिडीला?"

"जिन्याला रे."

"चौदा."

काकांनी दुधाची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. इंद्र, यम, राजा. इंद्र, यम, राजा. मधे एक स्कूटर आली, तिला वाट दिली, आणि कुठे होतो ते विसरल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. इंद्र, यम, राजा. शेवटी अंगठा थांबला आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच चपापलो.

"यम."

"काका, शिडी..."

"सिडकोनं ताबा दिला त्याच दिवशी मी तुझ्या वडिलांना म्हटलं होतं, रोज रात्री यमावर पाय देऊन झोपायला जाताय. ऐकलं नाही."

"बाबा ब्याऐंशीव्या वर्षी गेले, काका."

"तेच म्हणतोय मी. पंच्याऐंशी सहज गाठले असते."

एवढ्यात मिस्त्री कप घेऊन बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आमच्याकडे तसं नाही काका. आमच्याकडे आकडा तीननं भागायचा. बाकी दोन उरली की शुभ. चौदाला बाकी दोनच उरते."

"अरे, बाकी दोन म्हणजेच यम!"

"तुमच्याकडे. आमच्याकडे लक्ष्मी."

म्हणजे भागाकार तोच, बाकी तीच, आणि एकाच्या हिशेबी घरात पैसा तर दुसऱ्याच्या हिशेबी तिरडी. दोघांचाही आवाज चढला. मग प्रश्न निघाला की वरची लादी मोजायची की नाही. मोजली तर पंधरा, म्हणजे राजा. मिस्त्री म्हणाला मोजा. काका म्हणाले लादी ही पायरी नव्हे, लादी हा मजला. खात्यात असतो तर अशी मोजणी करणाऱ्याचं बिल अडवलं असतं.

मी वरून सांगायचा प्रयत्न केला की नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी किमान 250 मिलिमीटर सांगितली आहे. आमची पायरी साडेसात इंच उंच, म्हणजे उंबरठ्यावर पास, आणि रुंदीला जेमतेम नऊ इंच, म्हणजे चक्क नापास. काळजी करायचीच तर ह्याची करा.

"ते दिल्लीवाल्यांचं," काका म्हणाले. मिस्त्रीनंही मान डोलावली. सकाळपासून दोघांचं एकमत झालं ते इथे.

मग पार्सलवाला आला. ऑर्डर बायकोची, नंबर माझा. "साहेब, ओटीपी?" फोन खाली चार्जिंगला, कारण वरचे सगळे प्लग इलेक्ट्रिशियननं मेलेले ठेवलेत. मिस्त्रीनं फोन आणून काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि ओटीपी शोधता शोधता वाटेत लागलेले मेसेज खड्या आवाजात वाचून काढले. बँकेच्या हप्त्याची आठवण. दातांच्या दवाखान्यातली वेळ. बायकोचा, 'मिस्त्रीला पैसे देऊ नका अजून'. मिस्त्रीनं कप खाली ठेवला. महापालिकेची घंटागाडी तेव्हाच यायची होती, ती आली, आणि गाडीवरच्या माणसांनीही वर बघून घेतलं.

शिडी अखेर आली. ती पार्सलवाल्यानं आणली, हे नमूद करतो. काकांनी ती धरली. धरली म्हणजे एक हात टेकवला, दुसऱ्या हातात दूध होतंच. मी गॅलरीच्या कठड्यावरून पाय टाकला. उतरताना माणसानं खाली बघू नये म्हणतात. बघितलं नसतं, पण खालून आवाज येत होता, "इंद्र... यम... राजा... इंद्र..." मी शेवटच्या दांडीवर पोचलो तर काका ओरडले, "थांब! यम आहे. टेकू नकोस, उडी मार."

मारली. काय करणार? माझी घाई वेगळी होती.

काका काम बिघडवतात असं मी म्हणत नाही. ते बिघडवायला पैसे घेऊन येणारी माणसं वेगळी आहेत. आता कठड्याचंच घ्या. खाडीजवळचं घर म्हणून मी स्टीलमध्ये 304 ग्रेड सांगितला, तसा दर कबूल केला. फॅब्रिकेटर पाइप घेऊन आला आणि खिशातून लोहचुंबक काढून माझ्यासमोर पाइपाला लावला. चिकटला नाही. "बघा, अस्सल 304." आता लोहचुंबक 304 ला चिकटत नाही तसा 202 लाही चिकटत नाही, 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त, आणि खारट दमट हवेत त्यावर तांबूस ठिपके लवकर पडतात. हे मी बोललो तर तो म्हणाला, "साहेब, मग तुम्हीच का नाही हा धंदा करत?" पाइपावर ग्रेडचा शिक्का कुठे आहे, हे मी तीनदा विचारलं. पॉलिश करताना गेला म्हणे.

आणि जिन्याचा दिवा. एक बटण खाली, एक वर. टू-वे स्विचला मागे तीन पॉइंट असतात. एक कॉमन, बाकी दोघांतून दोन वायरी दुसऱ्या स्विचकडे जातात, म्हणून दिवा कुठूनही लागतो आणि कुठूनही विझतो. नवलाची गोष्ट नाही, चाळीत आजोबांकडेही होतं. आमच्या इलेक्ट्रिशियननं दोन साधे स्विच एकामागे एक जोडून दिलेत. वरचं बटण बंद असेल तर खालचं कितीही दाबा, दिवा लागत नाही. म्हणजे रात्री घरी आल्यावर आख्खा जिना अंधारात चढायचा आणि वर पोचलं की दिवा लावायचा. "दोन्ही चालूच ठेवायची ना," तो म्हणाला. मग बटणं कशाला बसवलीस बाबा? पैसे बटणांचे घेतोस आणि सल्ला बटणं न वापरण्याचा देतोस.

असो. त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचलो, बोलणी खाल्ली, संध्याकाळी घरी आलो. दारात काकांच्या चपला. आत काका आणि मिस्त्री शेजारी शेजारी बसलेले, सकाळचं भांडण मिटलेलं. मिटायचं कारण माझ्यासमोर जमिनीवर होतं. जिन्याच्या पायथ्याशी एक नवीन पायरी. पंधरावी. बुटकी, ओली, वर ग्रॅनाइटचा तुकडा बसवलेला.

"राजा," काका म्हणाले.

मिस्त्रीकडे शास्त्रही तयार होतं, आणि चीड त्याचीच येते की ते खरं होतं. जुनी लादी न फोडता वर दगड बसवला, म्हणजे दगड आणि माल मिळून प्रत्येक पायरी पावणेदोन इंच वर गेली. मधल्या पायऱ्यांना फरक पडत नाही, सगळ्याच वर सरकतात. पण खालची जमीन जागच्या जागी, म्हणून पहिली पायरी सव्वानऊ इंचांची झाली. आणि वरचा मजलाही जागच्या जागी, म्हणून शेवटची पावणेसहाची उरली. पहिलीचे दोन तुकडे केले की सोय होते. हे त्याला काम घेताना माहीत होतं. मला सांगितलं नाही, काकांना सांगितलं. आता आमच्या जिन्यावर दोन पायऱ्या बुटक्या, मग सगळ्या उंच, मग वर एक मधलीच. पायाला एका उंचीची सवय होते न होते तोच ती बदलते. घरातलं प्रत्येक माणूस निदान एकदा अडखळलंय. मी जास्त.

"मी स्वतःकडे पंधरावी बांधली आणि तीन महिन्यांत मुलाला कॅनडाचा व्हिसा आला," काका म्हणाले. त्या मुलानं त्यानंतर इकडे फारसं तोंड दाखवलेलं नाही. हे मी बोललो नाही. काकूंनी चहा पाठवला होता.

बायको आली. पायरी बघितली, माझ्याकडे बघितलं, फ्रिज उघडायला गेली. फ्रिजचं दार ठक्कन पायरीला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं. अर्ध्या उघड्या दारातून दूध निघतं, ताक निघतं, पण भाजीचा ट्रे निघत नाही. तो बाहेर यायला दार पूर्ण उघडावं लागतं. आत एक कोबी, कोथिंबिरीची जुडी आणि भेंडी आहे. अजूनही आहे.

"अहो, विचारलं का नाहीत?" ती म्हणाली.

कुणाला विचारायचं, ते तिनं सांगितलं नाही. पायरी फोडायचे मिस्त्रीनं बांधण्याच्या दुप्पट सांगितले, कारण आता ती 'पक्की' झाली आहे. फ्रिज सरकवायला दुसरी जागा नाही.

आज फ्रिजचा मेकॅनिक येऊन गेला. दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला घेता येईल का, एवढंच विचारायचं होतं. त्यानं दार उघडलं, मिटलं, मागे वाकून बघितलं, या मॉडेलला होत नाही म्हणाला आणि तपासणीचे साडेचारशे घेतले. निघताना त्याचा अंगठा पायरीवर असा आदळला की तो एका पायावर नाचत दारापर्यंत गेला.

"कुणी बांधली हो ही?" तो कळवळून म्हणाला.

मी गॅलरीत नेऊन समोरचं घर दाखवणार होतो, पण काका दारातच उभे होते. हातात दुधाची पिशवी. मेकॅनिकला म्हणाले, "डावा पाय टाकलास ना आधी?"