खणांचे कपाट आणि कुलवृत्तान्त

पुण्यातला एखादा जुना वाडा पाडायचा ठरला की वारसा जपायचा की पुनर्विकास करायचा, हा वाद पुन्हा पेटतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिनमध्ये राहून तो वाचताना माझे लक्ष मात्र वाड्याच्या आतल्या सामानाकडे जाते. त्याविषयी दोन्ही पक्ष गप्प असतात. शिसवी पलंग, देव्हारा, फडताळ हे सारे मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोचते, आणि ते कोणाच्या घरातले होते, हे सांगणारे तिथे कोणी उरत नाही.

डनेडिन 1848 मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्च या ख्रिस्ती पंथाची वसाहत म्हणून वसले. मार्चमध्ये ‘जॉन विक्लिफ’ आणि एप्रिलमध्ये ‘फिलिप लेंग’ ही जहाजे आली. पुढारी होते कॅप्टन विल्यम कारगिल आणि कवी रॉबर्ट बर्न्स यांचे पुतणे रेव्हरंड टॉमस बर्न्स. बरोबर पन्नास वर्षांनी, 1898 मध्ये, इथल्या लोकांनी आद्य वसाहतकऱ्यांची संघटना काढली, आणि तिच्या संग्रहातूनच आजचे तोइतू ओटागो सेटलर्स म्युझियम उभे राहिले.

इथल्या जुन्या घरांत ‘स्कॉच चेस्ट’ नावाचे खणांचे कपाट हमखास आढळते. वरच्या ओळीत मधोमध टोपी मावेल एवढा खोल चौकोनी खण, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान खण आणि खाली पूर्ण रुंदीचे मोठे खण, अशी त्याची ठेवण असते. दर्शनी लाकडावर भाळू नये. खण बाहेर ओढून त्याचा तळ आणि बाजूच्या फळ्या पाहाव्यात. त्या कौरीच्या निघाल्या, तर कपाट जहाजातून आलेले नसून याच देशात घडलेले असण्याची शक्यता मोठी, कारण कौरी वृक्ष उत्तर बेटाच्या वरच्या टोकाकडेच वाढतो. मायदेशी शिकलेली घडण सुतार नव्या लाकडात उतरवत होते, हे वंशावळीच्या कागदावरून कधीच कळले नसते.

अर्थात या स्मरणातही मोठे भगदाड होते. ज्या जमिनीवर ही घरे उभी राहिली, ती 1844 मध्ये नाइ ताहू या माओरी जमातीकडून अवघ्या 2,400 पौंडांत घेतलेली होती. त्या जमातीच्या दाव्यांची सरकारने भरपाईचा कायदा करून तड लावली, ती थेट 1998 मध्ये. संग्रहालयाने ‘तोइतू’ हे माओरी नाव घेतले 2012 मध्ये. घराण्याचा अभिमान स्वतःपुरते आठवतो, हे आपल्याकडच्या कुलाभिमान्यांनीही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे कुलवृत्तान्तांची परंपरा भक्कम आहे. पिढ्या, गोत्र, मूळ गाव सारे त्यांत सापडते, मात्र घरातल्या वस्तूंना तिथे क्वचितच जागा मिळते. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू खासगीरीत्या परदेशी नेण्यास बंदी आहे, पण तो कायदा पलंगाचा इतिहास लिहून ठेवणार नाही. वाडा बिल्डरच्या ताब्यात देण्याआधी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, ती कोणी आणि कुठे घडवली, कोणाच्या लग्नात आली, आणि ती रोज पुसणाऱ्या गड्याचे नाव, एवढे एका वहीत उतरवायला कुठल्याही वारसा समितीची परवानगी लागत नाही.