पाणी मारुतीच्या कमरेला

हत्तीचं चित्र काढलं की लोक म्हणतात, "वा, हत्ती!" आणि पुढे निघतात. सोंड आखूड झालीय का, पायाला नखं किती, या भानगडीत कुणी पडत नाही. पण आजवर कुणीच न पाहिलेला प्राणी काढून बघा. ज्या माणसाला मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची अ‍ॅक्टिव्हा सापडत नाही, तोसुद्धा चष्मा कपाळावर चढवतो, चित्राला नाक टेकेल इतका जवळ जातो आणि सांगतो, "याचा मागचा पाय गंडलाय."

मी पोटापाण्यासाठी असले प्राणी काढते. कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, मोबाईल गेममधले राक्षस, पत्त्यांच्या खेळातल्या चेटकिणी, उडते किल्ले. ऑफिस म्हणजे गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली. तिथे एक ग्राफिक टॅब्लेट, एक मॉनिटर आणि उन्हाळ्यात पलंगभर पसरलेल्या कुरडया. सोसायटीच्या लेखी मी 'घरीच असते', त्यामुळे अख्ख्या मजल्याची कुरिअरं, दोन घरांच्या किल्ल्या आणि समोरच्या काकूंचं इस्त्रीचं गाठोडं माझ्याकडे. सेनापतीच्या डोळ्यांत सूड उतरवायची वेळ आणि इस्त्रीवाल्याची बेल वाजायची वेळ नेमकी एकच असते.

लग्नकार्यात कुणी "तू नक्की करतेस काय?" असं विचारलं तर पूर्वी मी खरं सांगायचे. आता सांगते, "कम्प्युटरवर काम." समोरचा लगेच निवांत होतो आणि त्याच्या घरचा प्रिंटर का चालत नाही ते मला विचारतो.

घरात दोन समीक्षक आहेत. आई दिवाळी अंकांवर वाढलेली. तिच्या लेखी चित्रकार दोनच, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. बाकीचे रंगारी. "मुळगावकरांचे देव बघितले की आपोआप हात जोडले जायचे," ती म्हणते, "तुझं चित्र बघितलं की दाराला कडी लावावीशी वाटते." मला ही दाद वाटते. तिला ती तक्रार वाटते.

बाबांचं प्रकरण जास्त अवघड आहे. ते नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेत. तिथे १९२८ पासून नोटा छापतात आणि बाबांची सगळी नोकरी छापून आलेले ताव तपासण्यात गेली. रेघ तुटली, शाई पसरली, आकडा केसभर सरकला, की ताव बाद. निवृत्तीनंतर त्यांची नजर रिकामी झाली आणि माझ्या ड्रॅगनवर येऊन बसली. भिंग घेऊन येतात. "हा खवला आणि त्याच्या शेजारचा खवला सारखा नाही."

"बाबा, जिवंत प्राणी आहे तो."

"असू दे. एकाच अंगावरचे आहेत ना दोन्ही?" मग थोडं थांबून, "आणि वॉटरमार्क कुठे टाकणारेस? उद्या कुणी नक्कल केली म्हणजे?"

एकदा बाबांवर छाप पाडावी म्हणून मी फ्रँक फ्रॅझेटाचं नाव काढलं. कुऱ्हाडवाले पहिलवान आणि श्वापदं काढून अमेरिकेत या धंद्याला इज्जत मिळवून देणारा माणूस. त्याचं एक चित्र २०२३ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेलं. बाबांनी कागद घेऊन रुपये केले, शून्यं पुन्हा मोजली आणि विचारलं, "त्याला मिळाले हे?"

"नाही, तो २०१० साली वारला."

"बँकेची परीक्षा देऊन ठेव," बाबा म्हणाले.

क्लायंट हा प्राणी मात्र मला अजून नीट काढता आलेला नाही. एका गेम कंपनीला बर्फाळ डोंगरावरचा ड्रॅगन हवा होता. मी पाठवला. तिकडून उत्तर आलं, "छान आहे, पण खरा वाटत नाही." आता खरा कसा असतो हे त्यांनी कुठे बघितलं, असं विचारायची सोय नाही. पैसे तेच देतात. शिवाय वैताग बाजूला ठेवला तर म्हणण्यात तथ्यही असतं. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो. चार बोटं लांबच लांब ताणलेली, मधे कातडं, अंगठा तेवढा मोकळा आणि त्याला नख. हे हाडांसकट डोक्यात बसल्याशिवाय ड्रॅगनचा पंख कागदावर मिटत नाही. उघडा पंख कुणीही काढतं, मिटलेला काढताना घाम फुटतो. जड धूड हवेत कसं तोललं जातं ते बघायला मी अंजनेरीला जाऊन कड्यावरची गिधाडं बघत बसते. तिथे मारुतीच्या दर्शनाला आलेली माणसं मला विचारतात, "काही हरवलंय का?"

खवल्यांसाठी मात्र गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. सरड्याची कातडी, फणस, सीताफळ, सगळं करून बघितलं, पण कारल्यासारखं काही नाही. तेही बाजारात साधारण मिळतं ते नव्हे. मला हवं असतं खरबरीत, फुगलेलं, उन्हात धरलं की कंगोऱ्यांची सावली पडणारं. मी एकेक कारलं उचलून तिरकं धरते, फिरवते, परत ठेवते. भाजीवाली मावशी थोडा वेळ बघते आणि मग तिला राहवत नाही.

"ताई, कवळी घ्या ना. ती निब्बर झाली."

"मला निब्बरच पाहिजेत."

"सासूला घालायची का?"

घरी आल्यावर टेबललॅम्प बाजूने लावून मी कारलं न्याहाळते. देठाशी दाणे बारीक, पोटावर टपोरे, शेपटाकडे पुन्हा बारीक. दोन मोठ्या उभ्या कण्यांच्या मधे लहान गाठींची रांग, आणि ती रांग कुठेच सरळ जात नाही, प्रत्येक मोठ्या गाठीला वळसा घालते. हा वळसा जमला की खवले अंगातून उगवल्यासारखे वाटतात. नाही जमला तर फरशी बसवल्यासारखे. त्या ड्रॅगनची मान मी अशी दोन दिवस घोटली. संध्याकाळी तीच मान आईने काचऱ्या करून पानात वाढली. कंपनीचं उत्तर आलं, "टेक्श्चर जबरदस्त. कोणतं सॉफ्टवेअर वापरता?"

यंदा ठरवलं, मुंबईच्या कॉमिक्स-गेमवाल्यांच्या मेळ्यात टेबल घ्यायचं तर स्वतःसाठी काढलेलं एक नवं चित्र पाहिजेच. कुणी सांगितलेलं नाही, कुणी सुधारायला लावणार नाही असं. विषय आपल्या गावचा, गोदावरीचा पूर. पावसाळी अंधार, गढूळ पाणी आणि पाण्यातून वर आलेला व्याळ. व्याळ हा आपल्याकडचा जुना इसम, देवळांच्या भिंतींवर शेकडो वर्षं उभा आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराला जाऊन दगडातले जबडे, सुळे बघून आले. जबडा मगरीचा, आयाळ सिंहाची, डोळे चार. फक्त आकार कळायला शेजारी ओळखीचं काहीतरी लागतं, नाहीतर चित्रातला राक्षस पालीएवढाही वाटू शकतो. ते ओळखीचं म्हणून मी रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती घेतला आणि पाणी त्या मूर्तीच्या कमरेला दाखवलं.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं की नाशकात पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हा आकडा बातम्यांत येतो, पण त्यावरून कुणाला काही बोध होत नाही. लोक एकच विचारतात, "मारुती कुठपर्यंत?" गुडघ्याला म्हटलं की चहा पिऊन घाटावर बघायला जायचं. छातीला म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. अशा गावात मी मारुतीच्या कमरेला पाणी काढलं आणि मोठ्या हौसेने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

वरच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातले. त्यांचा लगेच फोन. "कमरेला पाणी म्हणजे विसर्ग किती धरलायस?"

"काका, धरला नाही काही. अंदाजे."

"अंदाजे धरण चालतं का?"

मग एकेक जण जागा झाला. पाण्याला एवढी ओढ आहे तर नारोशंकराच्या देवळाच्या पायऱ्या उघड्या कशा? पुराचं पाणी असं चहाच्या रंगाचं नसतं, आणखी तांबूस असतं. २००८ला मी स्वतः उभा होतो, तेव्हा पाणी अमुक ठिकाणी होतं. त्यावर दुसऱ्याचं, २०१९ला त्याच ठिकाणी त्याहून जास्त होतं. दुपारपर्यंत ग्रुपवर दोन पूर एकमेकांशी भांडत होते. बाबांनी भिंगाने मारुती तपासला आणि तो पास केला. पाण्याबद्दल मत राखून ठेवलं.

चित्र छापायला दिलं. जिथे दिलं त्या दुकानाचा मुख्य धंदा वाढदिवसाच्या फ्लेक्सचा. तिथल्या मुलाचा हात भावी नगरसेवकांवर बसलेला. पडद्यावरचा चमकता निळा-हिरवा उजेडाचा बनलेला असतो आणि कागदावर तो चार शायांतून आणायचा असतो, त्यामुळे तो मरणार हे मला माहीत होतं. तसा तो मेला. पण व्याळाकडे बघून मी गप्पच झाले. मगरीचा तो शेवाळलेला जबडा लग्नाळू मुलासारखा उजळ आणि नितळ झाला होता.

"चेहरा जरा उजळ केला ताई," मुलगा म्हणाला. "डाग काढले. त्याचे पैसे नाही लावले."

डाग परत लावून घेण्याचे मात्र त्याने लावले.

पहाटे उठून, प्रिंटचं नळकांडं, स्टँडी आणि आईने दिलेला दशम्यांचा डबा घेऊन पंचवटी एक्स्प्रेस गाठली. पासवाल्यांच्या रोजच्या जागांवर आपण बसायचं नसतं, हे नाशिककर आईच्या पोटातून शिकून येतो, म्हणून मुकाट नळकांड्याला टेकून उभी राहिले.

मेळा म्हणजे प्रचंड हॉल, कान किटवणारा आवाज आणि ओळीने मांडलेली आमच्यासारख्यांची टेबलं. दिल्लीत २०११ साली पहिलं कॉमिक कॉन भरलं आणि तेव्हापासून आपल्याकडे या जत्रांचं पेव फुटलं. तक्रार नाही. जिथे तलवार घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणी हटकत नाही आणि ड्रॅगन काढणारी बाई नॉर्मल समजली जाते, अशी जागा दुसरी कुठे मिळणार? फोमचं चिलखत घातलेला एक योद्धा माझ्या टेबलामागे येऊन बसला. त्याचा खांदा सुटला होता. सेलोटेप मी दिली आणि दशमी त्याने मागून घेतली.

पहिला अर्धा दिवस प्रश्नांचा. हा ड्रॅगन आहे की वायव्हर्न? चार पाय नि वर दोन पंख असले तर ड्रॅगन, दोनच पाय असले तर वायव्हर्न, हे मला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी वेगवेगळ्या सुरांत ऐकवलं. मी म्हटलं, हा व्याळ आहे, याला पंखच नाहीत. "मग उडतो कसा?" उडत नाही. "मग करतो काय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांचा फोन आल्यासारखं वाटलं.

एकाने विचारलं, "हे एआयने केलंय ना?" मी टॅब्लेटवर चित्र कोऱ्या पडद्यापासून कसं घडत गेलं त्याचा व्हिडिओ दाखवला. त्याने शांतपणे शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "व्हिडिओपण एआयने होतो हल्ली." त्याच्या मागे एक आई मुलीला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे अंदाज घेत पाहिलं. "शाळेत इंटरमिजिएट दिली होती का?"

"हो. ए ग्रेड."

"बघ," ती मुलीला म्हणाली, "ए ग्रेड मिळूनही काय ते."

विक्री बेताची. स्टिकर गेले, बुकमार्क गेले, मोठ्या चित्राचे लोकांनी फोटो काढले. संध्याकाळी गर्दी ओसरताना साठीपलीकडचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. बरोबर मांजराचे कान लावलेली नात. त्यांनी नातीचा हात सोडला आणि हात मागे बांधून चित्र बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मी मनात किमतीतून शंभर रुपये कमी करून ठेवले.

"रामकुंड ना हे?"

"हो. तुम्ही नाशिकचे का?"

"पंचवटीतले. आता डोंबिवलीत असतो." पुन्हा शांतता. मग ते वाकले आणि बोट मारुतीच्या कमरेवर ठेवलं. "पाणी कमी घेतलंत."

मी डोळे मिटले. "काका, साधारण कमरेला..."

"कमरेला एवढा भोवरा पडत नाही. एकोणसत्तरच्या पुरात मी सात वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलाय." ते वरच्या मजल्यावरच्या काकांसारखं उलटतपासणी घेत नव्हते, पण आवाजात माघारही नव्हती. "गळ्याशी करा. मी याच्या दुप्पट मोठं घेतो. हॉलमध्ये लावायचंय." त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि पावती नको म्हणाले. त्या नोटा बाबांच्या भिंगाखाली जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

पण माझ्या डोक्यात वेगळीच गणितं सुरू झाली. पाणी गळ्यापर्यंत चढवलं की व्याळाचे पुढचे पंजे बुडणार. ते पंजे काढायला मला आठवडा लागला होता. "काका, मग या व्याळाला थोडा वर घ्यावा लागेल," मी म्हटलं. "मान जराशी उंच केली, जबडा इकडे वळवला तर..."

त्यांनी पहिल्यांदाच बोट मारुतीवरून उचललं आणि त्या चार डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"त्याला नका हात लावू," ते म्हणाले. "तो बरोबर आहे."