मार्केझचं 'अखेरचं पत्र' मार्केझचं नाहीच

"स्पेनचे महान साहित्यिक, नोबेल विजेते गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी कॅन्सरशी झुंजताना, मृत्यूच्या काही दिवस आधी, मित्रांना लिहिलेलं हे शेवटचं पत्र. डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही. जरूर पुढे पाठवा." त्याखाली ते लांबलचक स्वगत. देवाने क्षणभर विसरून मला, या चिंध्यांच्या बाहुल्याला, थोडं आयुष्य दिलं तर मी कमी झोपेन, जास्त स्वप्नं पाहीन, कारण डोळे मिटलेल्या प्रत्येक मिनिटाला आपण साठ सेकंदांचा उजेड गमावतो, वगैरे वगैरे.

हे प्रकरण मी वर्षानुवर्षं बघत आलेय आणि वर्षानुवर्षं पुढे सरकवत आलेय. या वेळी ते आमच्या घरच्या ग्रुपवर आलं, आणि ग्रुपवर माझी आत्या आहे. तिची केमो चालू आहे. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "वाचलंस का गं? एवढा मोठा माणूस म्हणतोय, झोपेत वेळ घालवू नये. मी तर दिवसभर आडवीच असते." आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. मार्केझ स्पेनचा नव्हता, कोलंबियाचा होता. कॅरिबियन किनाऱ्याकडच्या अराकाताका नावाच्या गावात १९२७ साली जन्मला. स्पॅनिशमध्ये लिहिणारा प्रत्येक जण स्पेनचा ठरवायचा असेल तर इंग्रजीत लिहिणारे आपले सगळे लेखक लंडनचे म्हणावे लागतील. नोबेल मात्र खरं, १९८२ सालचं. या फॉरवर्डमध्ये बरोबर असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

आता लेखक कोण ते. हा मजकूर २००० सालच्या मे अखेरीस पेरूतल्या 'ला रेपुब्लिका' या दैनिकात मार्केझच्या नावाने छापून आला. तिथून मेक्सिकोच्या वर्तमानपत्रांत, रेडिओवर, आणि मग ईमेलमधून जगभर. मार्केझ तेव्हा मेक्सिको सिटीत जिवंत होता. कॅन्सरने नाही, पण इतकं भाबडं काही मी लिहिलं असं लोकांना वाटतं या लाजेने मी मरेन, अशा अर्थाचं तो म्हणाला. खरा लेखकही लगेच सापडला. जॉनी वेल्च नावाचा मेक्सिकोचा शब्दभ्रमकार. आपल्याकडे रामदास पाध्ये आणि अर्धवटराव, तसे तिकडे वेल्च आणि त्याचा बाहुला मोफ्लेस. वेल्चने हे स्वगत त्या बाहुल्याच्या तोंडी घालण्यासाठी लिहिलं होतं. बिचारा रेडिओवर सांगत होता की लिहिलं मी आणि श्रेय दुसऱ्यालाच मिळतंय.

म्हणजे पहिल्याच ओळीत 'मी चिंध्यांचा बाहुला' असं येतं ते रूपक वगैरे काही नाही. बोलणारा खरोखरच बाहुला आहे! पंचवीस वर्षं लोक ती ओळ वाचून हुंदके देताहेत आणि एकालाही प्रश्न पडत नाही की मरणाच्या दारातला कादंबरीकार मित्रांना लिहिताना स्वतःला चिंध्यांचा बाहुला का म्हणेल.

"कॅन्सरशी झुंजताना." हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. १९९९ साली त्याला लसिकाग्रंथींचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा, झाल्याचं निदान झालं आणि लॉस एंजेलिसला उपचार झाले. त्यानंतर त्याने माणसांत मिसळणं बरंच कमी केलं हेही खरं. अफवा त्यातूनच फोफावली. पण तो घरात बसून काय करत होता? बोगोटाच्या 'एल तिएम्पो' या दैनिकाला त्याने स्वतः सांगितलंय. आठवणींचे खंड आणि अर्धवट राहिलेल्या कथा पूर्ण करायला वेळ पुरणार नाही अशी धास्ती वाटली, म्हणून मित्रांशी संबंध अगदी कमी केले, फोन तोडला, प्रवास रद्द केले आणि रोज सकाळी आठ ते दुपारी दोन दार लावून लिहीत बसलो. माझ्यासाठी एवढा एक पुरावा पुरे आहे. ज्या काळात त्याने मित्रांना गहिवरून पत्र लिहिलं म्हणताहेत, त्या काळात तो मित्रांचे फोनसुद्धा घेत नव्हता.

आणि "मृत्यूच्या काही दिवस आधी" या शब्दांचा तर मला संताप येतो. ते पत्र फिरायला लागलं २००० साली. मार्केझ गेला १७ एप्रिल २०१४ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी. मधल्या काळात २००२ साली आत्मचरित्राचा जाडजूड पहिला खंड आला. त्याची सुरुवात आई त्याला जुनं घर विकायला सोबत चल म्हणते तिथून होते. २००४ मध्ये एक छोटी कादंबरी आली. २००७ मध्ये ऐंशी वर्षांचा हा माणूस रेल्वेने आपल्या गावी जाऊन आला. निदानानंतरची सुमारे पंधरा वर्षं या फॉरवर्डने एका वाक्यात पुसून टाकली! केमो घेणाऱ्या बाईला तुम्ही पाठवता काय, तर कॅन्सर झालेला माणूस निरोपाचं पत्र लिहून लगेच मेला. आणि घडलं होतं काय, तर कॅन्सर झालेल्या माणसाने उपचार घेतले आणि फोन तोडून पुस्तक लिहायला घेतलं. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, आत्याच्या डॉक्टरांच्या खुर्चीत मी मार्केझला बसवत नाहीये. पण उदाहरणच द्यायचं तर खरं द्या ना.

आता झोप. मार्केझच्या नावावर 'कमी झोपा' हा उपदेश खपवणाऱ्याने त्याची सगळ्यात गाजलेली, माकोंदो गावाची १९६७ ची कादंबरी उघडूनही पाहिलेली नसणार. त्या गावात निद्रानाशाची साथ येते. सुरुवातीला लोक खूश होतात, बरंच झालं, गावात कामं एवढी आहेत की दिवस पुरत नाही. मग पहाटे तीनलाच सगळी कामं संपतात आणि माणसं हाताची घडी घालून बसतात. पुढे कळतं की या आजाराचं खरं दुखणं निराळंच आहे, हळूहळू सगळं विसरायला होतं. वस्तूंची नावं जातात, म्हणून ते टेबल, खुर्ची, घड्याळ, भिंत अशा चिठ्ठ्या लावतात. मग वस्तू कशासाठी हेही विसरेल म्हणून गाईच्या गळ्यात पाटी बांधतात की ही गाय, हिला रोज सकाळी पिळायचं म्हणजे दूध मिळेल, आणि ते दूध उकळून कॉफीत घालायचं. झोप गेलेल्या गावाचं काय होतं हे ज्याने असं लिहून ठेवलं, तो 'डोळे मिटले की उजेड वाया' म्हणेल? आत्याला मी फोनवर हीच गोष्ट सांगितली आणि म्हटलं, झोप तू निवांत.

याच पत्रात 'मरण म्हातारपणाने येत नाही, विसरण्याने येतं' असंही एक वाक्य आहे. मार्केझच्या भावाने, हाइमेने, २०१२ साली उघडपणे सांगितलं की त्याला स्मृतिभ्रंश झालाय. त्यामुळे आता काही जण हे वाक्य 'भविष्यवाणी' म्हणून फिरवतात. बाहुल्याच्या संवादाला भविष्यवाणी म्हणायचं, धन्य आहे.

जाता जाता, ही साथ एकट्या मार्केझवर आलेली नाही. 'तुम्ही हळूहळू मरू लागता' ही कविता चिलीच्या पाब्लो नेरुदाच्या नावावर खपवतात. ती ब्राझीलच्या मार्था मेदेइरोसची आहे. कुणी चुकून तिचं नाव दिलंच, तर पुढे 'नोबेल विजेत्या' असं चिकटवतात. साहित्याचं नोबेल आजवर एकाही ब्राझीलकराला मिळालेलं नाही.

राहिलं 'शेवटचं लिखाण'. त्याने शेवटी शेवटी झगडत लिहिलेली एक छोटी कादंबरी होती, ती २०२४ साली मुलांनी प्रसिद्ध केली. प्रस्तावनेत मुलंच सांगतात की वडिलांचं मत होतं, हे पुस्तक जमलेलं नाही, नष्ट करा. स्वतःची कादंबरी नष्ट करा म्हणणारा माणूस हे असलं पत्र लिहून जगभर वाटत बसला असता का?

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काका म्हणाले, "अगं, नावात काय आहे, विचार तर चांगले आहेत ना?" असतील. मग काका, तेच विचार खाली 'जॉनी वेल्च, शब्दभ्रमकार, बाहुला मोफ्लेस याच्यासाठी' असं लिहून परत पाठवा.