न्हाणीघरातली गिलकी

सुदामानगरातल्या आमच्या न्हाणीघरात खिळ्याला एक वाळलेली गिलकी टांगलेली आहे. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: घोसाळं. आम्ही इंदूरचे लोक मराठी बोलतानाही गिलकी, लौकी, भिंडीच म्हणतो. हसायचं तर हसा.) 2020 च्या जूनमध्ये अशा पंधरा-वीस मिळाल्या होत्या. अंग घासून घासून बाकीच्या संपल्या, ही शेवटची.

परवा भाचीनं विचारलं, मावशी, लॉकडाऊनमध्ये तुम्ही काय काय शिकलात? घरातल्या ग्रुपवर लगेच केकचे, विणकामाचे फोटो पडले. मला ही गिलकी आठवली.

ती देणारे आमचे भाजीवाले भैया, सिमरोलकडचे. वयानं माझ्याहून मोठे, पण इंदुरात सगळेच भैया. नावावर दोन बिघे, आणखी तीन ठेक्यानं, म्हणजे खंडानं. मोटारसायकलला दोन्हीकडे टोपल्या बांधून सकाळी आमच्या गल्लीत यायचे, जास्तीचा माल चोइथराम मंडीत टाकायचे.

22 मार्चला थाळ्या वाजल्या, 25 पासून देश बंद झाला. केंद्राच्या आदेशात भाजीला सूट होती, 27 मार्चला मंड्यांना आणि शेतीच्या कामांनाही मिळाली. पण इंदुरात रुग्ण असे वाढत गेले की मार्च सरता सरता भाजीही बंद झाली. मंडी बंद, ठेले बंद. पुढे कांदे-बटाटे घरपोच मिळू लागले. आम्ही मटकी, पिठलं, सांडगे यांवर दिवस काढले.

बंद करायला नको होतं असं मी म्हणत नाही. मंडीत पहाटे माणसाला माणूस खेटून उभा असतो. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून साथ पसरली आणि मे महिन्यात तो बंद करावा लागला. वाशीचं मार्केटही 11 ते 17 मे बंद होतं. माझा प्रश्न पुढचा आहे. साथीसाठी ज्याचा माल शेतातच थांबवला, त्याचं नुकसान लिहायला एकाही वहीत रकाना का नव्हता?

माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं पीककर्जाच्या टेबलावर. तरी भाजी म्हणजे काय हे मला त्या जूनमध्ये भैयांनीच समजावलं. गव्हाला चार दिवस उशीर झाला तर गहू गहूच राहतो. बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये जातो, लसूण माळ्यावर राहते. गिलकी दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस राहिली की आत जाळी धरते. आणि जून झालेलं फळ वेलीवर ठेवलं तर वेल नवीन फळ धरायचं कमी करते, तिच्या दृष्टीनं बी तयार झालं, काम संपलं. म्हणजे विकायचं नसलं तरी तोडायचंच. भेंडीचं तेच. पालक, कोथिंबीर फुलावर आली की गेलीच. सुरुवातीचे पंधरा दिवस भैया, त्यांची बायको आणि सून रोज तोडणी करत होते आणि टोपल्या म्हशींपुढे रिकाम्या करत होते. मग म्हशींनीही तोंड फिरवलं. मग तोडणं सोडलं.

त्याच वर्षी मध्य प्रदेशनं गव्हाची सरकारी खरेदी सुमारे 129 लाख टन केली, पंजाबलाही मागे टाकलं, देशात पहिला नंबर. साथ चालू असताना केंद्रं उघडली, मेसेज पाठवून शेतकऱ्यांना पाळीनं बोलावलं, बारदान पुरवलं. मनात आणलं तर जमतं, असा त्याचा अर्थ मी घेते. गव्हाला हमीभाव आहे, गोदाम आहे, रेशनची साखळी आहे. गिलकीला यातलं काहीच नाही, आणि गिलकी लावणारा बहुतेक दोन-चार बिघ्यांचाच असतो. पैसा रोज हातात खेळतो म्हणून तो भाजीकडे वळतो. तो रोजचा पैसाच थांबला.

आता विम्याचं. पीकविमा उत्पादन घटलं तर मिळतो, आणि इथे पीक तर जोमात होतं. भाव पडला, रस्ता बंद झाला, हे विम्यात बसत नाही. गारपीट झाली, पाला (गोठलेलं दव) पडला तर आमच्याकडे आरबीसी 6(4), म्हणजे महसूल खात्याच्या मदतीच्या नियमाखाली पटवारी (तुमचा तलाठी) पंचनामा करतो आणि मदत येते. गंमत बघा. 14 मार्च 2020 ला केंद्रानं कोविडला आपत्ती म्हणून मान्यता दिली, टाळेबंदी लागली तीही 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. कायद्यानं आपत्ती, पण शेतातल्या गिलकीसाठी नाही. भैया चौकशीला गेले तेव्हा पटवाऱ्यानं त्यांना विचारलं, "ओले गिरे थे क्या?" (गारा पडल्या होत्या का?) भैया म्हणाले, नाही. "तो फिर लिखूँ क्या?" पुढे बोलणंच नाही.

हे सगळीकडे असंच झालं असतं तर मी गप्प बसले असते. कर्नाटकनं त्याच मे महिन्यात फुलवाल्यांना हेक्टरी 25,000 आणि फळ-भाजीवाल्यांना हेक्टरी 15,000 जाहीर केले. नुकसानीपुढे थोडेच, पण निदान रकाना तर काढला! भैयांना एप्रिलमध्ये केंद्राच्या किसान सन्मान निधीचे 2,000 आले, दोन बिघ्यांच्या सातबाऱ्यावर (इथे त्याला खसरा म्हणतात, जिभेची सवय). ठेक्याच्या तीन बिघ्यांना ना सन्मान, ना पीककर्ज. हप्ते पुढे ढकलायची सवलत बँकेच्या कर्जाला होती. बियाणांच्या दुकानातली उधारी आणि आढत्याची (मंडीतल्या दलालाची) उचल यांना ती कोण देणार?

तेव्हा 'शेतातून थेट ग्राहकाकडे' अशा यशोगाथा पुष्कळ फिरत होत्या. त्या खोट्या नसतील. पण त्यातल्या प्रत्येकाकडे गाडी होती, पास होता, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी करून देणारं कोणीतरी घरात होतं. भैयांचा फोन बटणांचा.

आणि आमचं काय? पहाटे पाचला गल्लीच्या टोकाला कोणीतरी चोरून भाजी आणायचा. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून आम्ही पिशव्या पदराखाली लपवून आणायचो, मीसुद्धा. त्यातलं शेतात किती गेलं, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. एरवी दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भांडणाऱ्या आम्ही!

जूनमध्ये भैया आले तेव्हा टोपलीत थोडा पुदिना होता आणि मागे एक पोतं. "बाई साब, सब्जी तो गई, ये ले लो, नहाने के काम आएगी." पैसे घ्यायला तयार नव्हते. मी जबरदस्तीनं दिले, आणि घरात आल्यावर मला वाटलं की कमीच दिले.

पुढच्या वर्षी त्यांनी गिलकी दोन ओळींवर आणली आणि उरलेल्या जमिनीत हिवाळ्यात लसूण घालायला सुरुवात केली. म्हणाले, लसूण थांबते. मला पटलं होतं. 2022 मध्ये लसणीचे भाव असे कोसळले की आमच्या माळव्यात लोकांनी पोतीच्या पोती नदी-नाल्यात ओतली. भैयांची माळ्यावर थांबून राहिली, पावसाळ्यात तिला कोंब आले.