कागदावर आमची नदी अजून कोरडीच आहे

गेल्या आठवड्यात वरच्या अंगाला होऊ घातलेल्या रासायनिक कारखान्याचा पर्यावरण अहवाल हातात पडला. जाडजूड आहे. आमच्या नदीला त्यात एक ओळ मिळाली आहे: 'हंगामी नाला, उन्हाळ्यात प्रवाह नाही.'

सात उन्हाळे आम्ही या पात्रातला गाळ उपसतोय. ती ओळ वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

नदी परत येते ती आधी विहिरींत, मग पात्रात. आम्ही डोंगरउतारावर चर खणले, ओढ्यांवर दगडी बांध घातले, पण पहिली दोन वर्षं पात्रात काहीच दिसलं नाही. काठावरच्या विहिरींचं पाणी तेवढं वर आलं. तिसऱ्या वर्षी डोह टिकला आणि पाचव्या वर्षी मे महिन्यात दोन डोहांच्या मधली धार तुटली नाही. आमच्याकडे त्याची वही आहे. दर रविवारी कोणीतरी जाऊन खुणेच्या काठीवरचा आकडा त्यात लिहितं. आजारपणं आली, लग्नं झाली, पण रविवार फारसे चुकले नाहीत.

अहवाल करणाऱ्यांनी मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. जुन्या नकाशावर नदी कोरडी होती, त्यांनी ते उतरवून घेतलं असेल. पर्यावरण परवानगीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच ऋतूची मोजणी चालते. त्या थोड्या दिवसांत कोणी येऊन पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, तर सात वर्षांत काय बदललं ते त्या बाटलीला कसं कळणार? बाटलीतलं पाणी त्या मिनिटापुरतं बोलतं. दगड उलटून पाहिला तर मागच्या कित्येक महिन्यांचं कळतं. स्वच्छ, वाहत्या पाण्यातच जगणाऱ्या काही उडणाऱ्या माश्यांच्या (किड्यांच्या) अळ्या दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून असतात. रात्री कोणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तरी त्या अळ्या मेलेल्या असतात. आमच्याकडे त्या गेल्या वर्षी पहिल्यांदा दिसल्या. अहवालात त्यांचा उल्लेख नाही.

आता 'आम्ही सगळं नियमात राहून सोडू' या वाक्याबद्दल. सगळे जण तिथेच गप्प होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांडपाणी नदीत सोडायचं तर त्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचं माप, लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते, असा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे. आंघोळीसाठी योग्य नदीत हेच माप 3 च्या आत हवं. दहा पटींचा फरक! तो फरक भरून काढायचा कोणी, तर नदीच्या पाण्याने. मोठ्या, भरल्या नदीला ते एक वेळ जमेल. आमची मे महिन्यातली धार घोट्याएवढी असते. तिच्यात नियमात बसणारं सांडपाणी रोज मिसळलं, तर एकही नियम न मोडता ती मरेल. मासे प्राणवायूवाचून तडफडतील आणि कारखान्याचे कागद तेव्हाही स्वच्छ असतील.

'एक थेंबही बाहेर सोडणार नाही' असंही सांगितलं जातं. मग आत घेणार ते पाणी कुठलं? अहवालात कूपनलिका आहेत. उन्हाळ्यातली धार जमिनीखालून पाझरणाऱ्या पाण्यावर चालते, तेच पाणी वरच्या वर उपसलं तर नदीत एक थेंब न सोडताही ती आटवता येते. हे राजस्थानात घडलेलं आहे. अलवर जिल्ह्यात तरुण भारत संघ ही संस्था आणि तिचे राजेंद्र सिंह यांच्यासोबत गावांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवणारे मातीचे बांध, बांधले, पण काही ठिकाणी पाणी चढेचना. शोध घेतला तर ते संगमरवराच्या खाणींच्या खड्ड्यांत उतरत होतं. सरिस्का अभयारण्याच्या परिसरातल्या त्या खाणींविरुद्ध लोकांना 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे त्या बंद झाल्या. त्याच जिल्ह्यात अरवरी नदी पुन्हा बारमाही झाली, तिच्यात मासे आले, आणि 1996 मध्ये सरकारने मासेमारीचा ठेका बाहेरच्याला देऊन टाकला. गावं उठली, ठेका रद्द झाला आणि पुढे 1999 मध्ये काठच्या सुमारे 70 गावांनी अरवरी संसद, म्हणजे नदीचे निर्णय घेणारी गावांची सभा, स्थापन केली. नदी कोरडी होती तेव्हा तिच्यावर हक्क सांगायला कोणी आलं नव्हतं.

आणि अपघात? 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. ऱ्हाईनसारख्या महानदीची ही गत. आमच्या अहवालात आग विझवण्याची व्यवस्था आहे, पण विझवलेलं पाणी कुठे अडवणार याचा एक शब्द नाही.

रोजगाराचं बोलणाऱ्यांवर माझा राग नाही. गाळ काढायला येणाऱ्या पोरांमध्येच चार जण नोकरी शोधतायत. कारखाना नको असं मी म्हणतच नाही, तो इथे नको. आमच्या झऱ्यांच्या उगमावर, पाणी मुरतं त्या उतारावर नको. दुसऱ्या जागांचा विचार केल्याचं अहवालात लिहिलंय खरं, पण अर्ध्या पानात.

जनसुनावणी 12 तारखेला सकाळी 11 वाजता आहे. नोटीस आणि सुनावणी यांत किमान 30 दिवस असतात, त्यातले बरेच सरले. येता येत नसेल तर लेखी हरकत पाठवा, तीही नोंदवावी लागते. 'नदी वाचवा' एवढंच लिहू नका. कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात तुम्ही पाणी वाहताना पाहिलं, तुमच्या विहिरीला किती हात पाणी होतं, ते लिहा. जुने फोटो असतील तर तारखेसकट जोडा.

वहीच्या सात वर्षांच्या पानांच्या प्रती काढल्या आहेत. तिसऱ्या वर्षीची चार पानं भिजून पुसट झालीत, त्या महिन्यांत पाणी मोजायला जे गेले होते त्यांनी 12 तारखेच्या आधी मला फोन करा.