‘स्विच चालू असून नापास केला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात ते ठीक, पण लिहिलंय त्याला उत्तर द्यायलाच लागतंय, नाहीतर वाचणारा दुसरा डेपोवाला भलतंच समजून बसायचा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पेट्रोलच्या टाकीवरच्या हाय-हाय लेव्हल स्विचला (टाकी ओसंडायच्या आधी शेवटचा इशारा देणारा तो) एसआयएल २ चं सर्टिफिकेट आहे (एसआयएल म्हणजे सेफ्टीच्या भरवशाची पातळी, आकडा मोठा तेवढा भरवसा जास्त), पॅनलवरचं बटण दाबलं की हूटर वाजतो, तरी कुपवाडच्या या लोकांनी (म्हणजे तपासणी करून रिपोर्ट देणाऱ्या आम्ही) रिपोर्टात एसआयएल १ लिहिलं आणि आता नवीन माल गळ्यात मारणार. शिवाय जुनी कागदं मागून तुमच्या माणसांचा वेळ खाल्ला.

मालाचं आधी मिटवू. आम्ही स्विच विकत नाही, वाल्व विकत नाही, कुणाचं कमिशनही नाही, आणि रिपोर्टात नवीन काही घ्या असं कुठं लिहिलंय ते दाखवा की.

आता सर्टिफिकेट. ते एकट्या स्विचचं आहे, पण टाकी वाचवायची तर स्विचनं ओळखायचं, पीएलसीनं (पॅनलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरनं) ट्रिप, म्हणजे बंद करायचा हुकूम, द्यायचा आणि इनलेटचा वाल्व खरोखर बंद व्हायचा, हे तिन्ही मिळून एक लूप, आणि आयईसी ६१५११ या सेफ्टीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये एसआयएल मोजतात तो या अख्ख्या लूपचा. एसआयएल २ म्हणजे गरज पडली तेव्हा लूपनं दगा द्यायची सरासरी शक्यता शंभरात एकापेक्षा कमी पाहिजे. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ (तुमचे खरे आकडे रिपोर्टात आहेत, ते इथं टाकत नाही). समजा स्विचमध्ये दहा लाख तासांत एक लपलेला बिघाड आणि वाल्वमध्ये दोन, पीएलसीचा वाटा किरकोळ म्हणून सोडला. बिघाडाचा दर गुणिले दोन टेस्टमधले तास, भागिले दोन. वर्षाला टेस्ट धरली तर ८७६० तास, उत्तर येतं ०.०१३, म्हणजे साधारण ७६ वेळा गरज पडली तर एकदा दगा. वेगवेगळं बघितलं तर स्विचही एसआयएल २ मध्ये बसतो आणि वाल्वही, पण एकत्र केले की लूप एसआयएल १ मध्ये घसरतो. यात कुणी काही नापास केलेलं नाही, नुसती बेरीज आहे.

आणि ही बेरीजसुद्धा टेस्ट खरी झाली तरची. बटण दाबल्यावर हूटर वाजला म्हणजे पॅनल आणि हूटर चांगला, एवढंच कळतं. स्विचचा फ्लोट (पेट्रोलबरोबर वर येणारा तरंगता भाग) वर उचलला गेला का, वाल्व हलला का, यातलं काहीच त्यात नाही. उसाच्या ट्रॅक्टरचा ब्रेक रोज दाबला जातो, बिघडला की त्याच दिवशी कळतंय, हा वाल्व मात्र वर्षानुवर्षं उघडा उभा असतो आणि आत जाम झालाय हे कळायचं एकदम टाकी वरून वाहायला लागल्यावर. जुनी टेस्ट शीट मागितली ती यासाठीच. पाच वर्षं नुसतं बटणच दाबलं असेल तर वरच्याच आकड्यांनी शक्यता पंधरात एक होते. कागद मागण्यात वेळ गेला हे खरंय, पण त्याच्याशिवाय आकडा काढणं म्हणजे अंदाजपंचे.

आम्ही घाबरवतो असंही लिहिलंय. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत ११ डिसेंबर २००५ ला हेच झालं, ९१२ नंबरच्या टाकीचा पातळी दाखवणारा गेज पहाटे तीनच्या सुमारास एकाच आकड्यावर अडकला, पेट्रोल येतच राहिलं, वरचा स्वतंत्र स्विच होता पण त्याच्या टेस्टच्या लिव्हरला जे कुलूप लावायला पाहिजे ते लावलेलंच नव्हतं त्यामुळे तो कामाचाच नव्हता, आणि सहाच्या सुमारास स्फोट, ४३ जण जखमी. म्हणून आमच्या शीटवर शेवटी ‘लिव्हर मूळ जागी, कुलूप लावलं’ अशी वेगळी सही आहे, तुमच्या सुपरवायझरला ती फालतू वाटली होती.

जोडीला अजून एक तसाच स्विच बसवा असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय म्हणे. बसवा, स्विचचा वाटा कमी होईल, पण एकाच मेकचे दोन स्विच एकाच कारणानं एकदम अडकू शकतात आणि वाल्व तर तो एकच राहतो, मोठा वाटा त्याचाच आहे.

आम्ही सुचवलंय ते स्वस्तातलं आहे, टेस्ट सहा महिन्यांनी करा आणि फ्लोट उचलण्यापासून वाल्व पूर्ण बंद होईपर्यंत करा. वरच्या उदाहरणात तेवढ्यानंच साधारण १५० ला एक होतं, म्हणजे एसआयएल २. टाकीत माल येणं (रिसीट) बंद असेल तो दिवस धरा, तुमच्याच माणसांनी केली तरी चालेल, शीट रिपोर्टला जोडलीये. वाल्व बंद व्हायला किती सेकंद लागले ते भरून पाठवा, आकडा परत काढून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.