विषामृत खेळून काय शिकणार? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की विज्ञानाच्या तासाला पोरांना ग्राउंडवर विषामृत खेळायला लावणं हा टाइमपास आहे, आणि बेडूक पकडून त्याच्या अंगावर कापसाची काडी फिरवणं हा मुक्या जिवाचा छळ. शिवाय फोटोतल्या पोराने बेडूक उघड्या हाताने का धरलाय, हेही विचारलंत.

फोटोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, चूक माझी, फोटो काढून टाकलाय. तो गेल्या पावसाळ्यातला, खेळ सुरू करायच्या आधीचा.

पण खेळ मी सोडणार नाही, का ते सांगतो. आमच्या विषामृतात विष म्हणजे कायट्रिड बुरशी. बेडूक पाणी कातडीतून घेतो, बराचसा श्वासही तिथूनच, आणि ही बुरशी कातडीतल्या केराटिनवर (आपल्या नखा-केसांत असतं ते प्रथिन) वाढते, मग अंगातलं सोडियम-पोटॅशियम बिघडतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. शेपटीवाल्या पिल्लांना केराटिन फक्त तोंडापाशी असतं म्हणून ती लागण घेऊन बिनधास्त पोहत राहतात, मरतात ती बेडूक झाल्यावर. म्हणून आमच्यात पाचवीची पोरं पिल्लं होतात, विष लागलं तरी पळत राहतात, शिट्टी वाजली की पाय फुटले असं समजून खाली बसतात. एकदम दहा-बारा जण बसले ना, की बाकीची गप्पच होतात.

ज्याच्यावर राज्य, त्याच्या हाताला तांदळाचं पीठ. मग एक जण तपासनीस होऊन सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवत जातो, आणि शेवटी बघावं तर न पकडलेल्यांच्या पाठीवरही पीठ! नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, रोग तर तपासणाऱ्यानेच पसरवला." प्रत्येक बेडकाला नवा ग्लोव्ह का, ते मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आता छळाचं. अंगावर बुरशी आहे का ते तपासायला काडी पोटावर, मांड्यांवर, बोटांमधल्या पडद्यावर हलकेच फिरवतात आणि बेडूक होता तिथेच सोडतात. हे काम परवानगी असलेले अभ्यासक करतात, पोरं लांब बांधावर वही घेऊन उभी. आम्ही कॉलेजात ट्रेमध्ये टाचण्या ठोकून बेडूक फाडायचो, त्यापेक्षा हे मला हजारपट बरं वाटतं.

आणि हे कुठलं तरी लांबचं दुखणं नाही. या बुरशीमुळे जगात किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली, त्यातल्या ९० बहुतेक नामशेष, हे २०१९ साली छापून आलंय. आपल्या पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या बेडकांवरही ती सापडलीय, २०१३ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. १७ ते २५ अंशांत ती फोफावते, म्हणून मला किनाऱ्यापेक्षा आंबोलीच्या गारव्याची जास्त काळजी वाटते, कारण २००९ साली नोंदवलेला आंबोली टोड नावाचा बेडूक त्या भागाबाहेर जवळपास कुठेच नाही, आणि पावसात तिथे किती चपलांचा चिखल येतो ते तुम्ही बघताच.

पाऊस धरला की आम्ही शनिवारी सकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातो, तुम्हीही या, मुलालाही आणा. फक्त चपला आदल्या दिवशी घासून धुवा आणि पूर्ण सुकवून मगच घाला, ओल गेली की ही बुरशी मरते.